सरांच्या आकड्यांपासून सुरुवात

सर, आज ऑफिसात तुमचं एक वाक्य माझ्या तोंडून बाहेर पडलं, म्हणून लिहायला बसले. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. उत्तर येणार नाही, तेवढं एक बरं आहे.

पीएच.डी.च्या दिवसांत, उसाला पाणी कधी नि किती द्यायचं, याचं माझं मॉडेल तुमच्या लॅबमधल्या संगणकावर चालायचं. कमीत कमी पाण्यात पीक साधणारं उत्तर हवं होतं, आणि ते शोधायची तुमची पद्धत एकच: आकडे थोडे थोडे बदलत, पाणी कमी होईल त्या बाजूच्या उतारानं खाली जायचं, उतार संपला की ते उत्तर. सुरुवात कुठून करायची हे कुणी विचारायचं नाही. तुमच्या प्रबंधातले आकडे घ्यायचे. आम्ही सगळेच घ्यायचो. मग उत्तरही तुमच्याच आसपास येई, आणि तुम्ही चहा मागवून म्हणायचात, "बघा, पुन्हा तेच आलं." असा उतरणारा जवळच्या खड्ड्यात अडकतो आणि त्यालाच तळ समजतो, हे तुम्हीच शिकवलं होतंत. स्वतःचा खड्डा तेवढा तुम्हाला दिसला नाही.

मी हट्टानं चाळीस वेगळ्या ठिकाणांहून सुरुवात केली. आठवडा गेला. तीन उत्तरांत तुमच्यापेक्षा बरंच कमी पाणी लागत होतं. त्या उत्तरांचं पान मी तुमच्यासमोर ठेवते. तुम्ही चष्मा काढून पुसता. "अहो, आपल्याला पीएच.डी. करायची आहे की लॉटरी लावायची आहे?" मग पान परत सरकवत, "ठेवायचं तर ठेवा."

ते पान माझ्या प्रबंधात नाही. सरांनी माझं काम दाबलं, असं मी इतकी वर्षं सांगत आले. चारचौघांत तुमची नक्कल करून हशाही मिळवला.

हडपसरला आमची कंपनी शेतीच्या पाण्याचं सॉफ्टवेअर करते. आज हाताखालच्या मुलीनं विचारलं, "मॅडम, हे सुरुवातीचे आकडे कुठून आलेत? मी रँडम पॉइंट्सनी रन केलं, तर रिझल्ट बेटर येतोय." आकडे तुमचेच होते, सर. मी अजून तेच घेते. "ठेवायचं तर ठेवा," मी म्हणाले, अगदी तुमच्या सुरात. संध्याकाळी तिचा रिपोर्ट आला. तिनं ठेवलं होतं, पहिल्याच पानावर.

मला कौतुक वाटायला हवं होतं. राग आला. तुम्ही ते पान काढायला कधी सांगितलंच नव्हतंत. तुम्ही ते परत दिलंत त्याच दिवशी, मांजरी गावातल्या घरी जाऊन मीच ते काढलं, कारण मला प्रबंधावर तुमची सही हवी होती.