तक्रार पोहोचली, बघतो

३ फेब्रुवारी, मंगळवार

सोसायटीच्या इनबॉक्समध्ये दोन हजारांवर मेल. सेक्रेटरी जाऊन दोन महिने झाले, पण मुलुंडच्या या इमारतीत गळती, पार्किंग आणि कबुतरं कुणाच्या जाण्यानं थांबत नाहीत. नवा सेक्रेटरी व्हायला कुणी तयार नाही. मग त्याची बायको आहेच ना! 'वहिनी, तुम्ही लिहिणाऱ्या, तुम्हाला काय जड?' — लिहिते मी विनोदी सदर. त्यात याच कमिटीची टिंगल करायचे, माझ्या नवऱ्यासकट, देवेशसकट.

कामांची यादी केली. टाकीची सफाई. लिफ्टचा करार. बी विंगचा पाइप. सगळ्यात खाली — काखेतली गाठ, डॉक्टर.

५ फेब्रुवारी

श्रुतिकाचा बंगळुरूहून फोन. ऑफिसात लेकीला शिकवलंय म्हणे — चटकन होणारं काम लगेच उरकायचं, बाकीच्याला तारीख द्यायची, नको ते उडवायचं. मी म्हटलं, तुझ्या बाबाची पद्धत याहून सोपी होती. प्रत्येक मेलला आपोआप एकच उत्तर जाईल अशी सोय त्यानं करून ठेवलीय: 'तक्रार पोहोचली. बघतो. — देवेश.'

ती हसली. मग म्हणाली, "आई, अजून जातंय ते?"

जातंय. बंद करायला हवं. यादीत टाकलं.

६ फेब्रुवारी

घरातही देवेशचं हेच असायचं. पंखा वाजतोय — बघतो. गिझर तापत नाही — बघतो. जिना चढताना धाप लागते तुला, एकदा दाखवून ये — बघतो.

९ फेब्रुवारी

तिसऱ्या मजल्यावरच्या द्रौपदीकाकू. वेंगुर्ल्याच्या, एकट्या राहतात. त्यांचा मेल रोज! फोनमध्ये बोलून लिहितात, त्यामुळे मध्येच भांडीवालीला मारलेली हाकही छापून येते. तक्रार कायम एकच — नळ गळतो.

आज प्लंबर घेऊन गेले. नळ ठणठणीत. प्लंबर माझ्याकडे बघत राहिला. त्याला वाटेला लावलं आणि काकूंना जरा तिखटच विचारलं, हे काय चाललंय?

"नळ बरोच आसा गो," काकू म्हणाल्या. "पण लिवलंय की देवेशाचा उत्तर येता. माका म्हायत आसा तो नाय. तरी बरा वाटता."

निघाले, तर मागून — "हात असो आखडून कित्याक धरलंस?"

जड पिशवी उचलली, म्हटलं.

११ फेब्रुवारी

इनबॉक्स शंभराच्या खाली! कमिटीचा माणूस जिन्यात भेटला, 'झकास वहिनी' म्हणाला. लोकांच्या तक्रारी भराभर निपटतात. त्या रात्री चाचपून बघाव्या लागत नाहीत.

गाठ पुढच्या आठवड्यावर ढकलली. पुन्हा.

१२ फेब्रुवारी

आज वेडेपणा केला. माझ्या पत्त्यावरून सोसायटीला मेल लिहिला. 'फ्लॅट ४०२. डाव्या काखेत गाठ. दिवाळीपासून. भीती वाटते.' पाठवला.

लगेच उत्तर. 'तक्रार पोहोचली. बघतो. — देवेश.'

ओट्याला धरून रडले. तो गेल्यापासून पहिल्यांदा. स्मशानातून आल्यावरही मी आलेल्यांच्या चपला नीट लावत बसले होते.

तो बघणार नाहीये. जिवंत होता तेव्हाही बघत नव्हता. स्वतःचं छातीचं दुखणंसुद्धा नाही! आणि मी त्याच्याच खुर्चीत बसून तेच करतेय — फक्त जास्त टापटिपीनं.

१३ फेब्रुवारी

सकाळी काकूंना गाठीचं सांगितलं. शिव्या घालतील वाटलं होतं. त्या तर सरळ आत गेल्या, लुगडं बदलून, पर्स काखोटीला मारून बाहेर आल्या. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी किती दिवस झाले विचारलं, तर माझ्याआधी काकूच म्हणाल्या, "हिका फुरसत नव्हती."

तुकडा काढून तपासायला पाठवलाय, स्कॅनही झाला. श्रुतिकाला कळवलं. ती निघालीय.

१८ फेब्रुवारी, बुधवार

रिपोर्ट आले, श्रुतिकानंच उघडले. कॅन्सरच आहे. आणि काखेपुरता थांबलेला नाही.

दुपारी देवेशचं उत्तर बंद केलं.

संध्याकाळी काकूंचा मेल — नळ गळता. त्यांना काहीच उत्तर गेलं नाही. थोड्या वेळानं दाराची बेल वाजली — दारात काकू, पर्स काखोटीला.