परकी सून

३ ऑगस्ट १९५३, डोंबिवली
आज ह्यांना पोलिसानं धरलं. दारू प्यायल्याबद्दल! खोकल्याचं औषधसुद्धा 'उग्र आहे' म्हणून न घेणारा माणूस! शाळा सुटल्यावर स्टेशनजवळ पाय अडखळले, हात थरथरत होता, बोलणं पुटपुटल्यासारखं. पोलीस म्हणाला, "मास्तर, सरळ रेघेत चालून दाखवा." हे पडले भूमितीचे मास्तर — आधी विचारलं, "रेघ कुठून कुठपर्यंत?" मग त्यानं तोंडाचा वास घेतला. सकाळी शेपूची भाजी केली होती. बिचारा दोन पावलं मागे सरकला आणि सोडून दिलं.

मी पोट धरून हसले. हे हसले नाहीत. हल्ली हसतच नाहीत.

४ ऑगस्ट
हसायला नको होतं.

१० ऑगस्ट
शाळेतून निरोप — "प्रकृती सुधारेपर्यंत रजा घ्या." म्हणजे ती बातमी पालकांपर्यंत गेली. चाळीतून उपायांचा पाऊस! कुणी नारायण तेल दिलं, कुणी अंगारा, कुणी उशाखाली लोखंड ठेवायला सांगितलं. अडकित्ता ठेवला. ह्यांच्या कानाला लागला. हात हलतोच आहे.

१७ ऑगस्ट
आमच्या मुलानं, मधुनं, रजा काढली आणि आम्हाला ठाण्याला डॉक्टरांकडे नेलं. तो तिथेच गिरणीत कारकून आहे, त्याला माहिती. डॉक्टरांनी ह्यांना नाव लिहायला सांगितलं. 'हरिहर' सुरू झालं ठसठशीत आणि शेवटचा 'र' मुंगीएवढा! डॉक्टर म्हणाले, "कंपवात. इंग्रजीत पार्किन्सन." डोकं शाबूत आहे, दुसऱ्याला लागत नाही, दारूचा संबंध नाही. गोळ्यांनी थोडा उतार पडेल. पुरतं बरं होत नाही.

हे एवढंच म्हणाले, "भूमिती शिकवता येईल?"
"येईल. वर्तुळं मात्र मुलांकडून काढून घ्या."

निघता निघता डॉक्टर मला म्हणाले, चेहरा रुसल्यासारखा दिसतो, पण ते रुसणं नाही — स्नायू ताठतात. सहा महिने मी ह्या माणसाशी भांडते आहे, 'तोंड पाडून का बसता' म्हणून!

१९ ऑगस्ट
भाजीवाली आवडाबाई — "मास्तरांना काय झायला गो बाय?"
म्हटलं, "पार्किन्सन."
"परकी सून? कवा आनली?"
टोपली उतरवून घेऊन सगळं समजावलं. मान डोलावली. पटलं तिला.

२२ ऑगस्ट
पटलं नव्हतं! गावभर झालंय — मधुनं परजातीची मुलगी केली, त्या धक्क्यानं मास्तरांचा हात हलतो. दोन बायका खण-नारळ घेऊन सून बघायला आल्या. "लपवता कशाला वहिनी, काळ बदललाय आता." एकीनं स्वयंपाकघरात डोकावूनसुद्धा पाहिलं! मधु तापलाय — "आई, मला न विचारता माझं लग्न लावलंस!"

हे सावकाश म्हणाले, "दारुड्या म्हणत होते. त्यापेक्षा सासरा बरा."

किती दिवसांनी! चेहरा दगडासारखा, पण डोळे हसत होते. आता मला ते दिसतं.

२८ ऑगस्ट
हे म्हणतात, गणपतीत व्याख्यान देणार. ह्याच आजारावर. चार लोकांत!
मी म्हटलं, "अहो, लोक नुसते हात बघत बसतील."
"बघायलाच बोलावतोय."
मला धास्ती वाटते. नोकरी अजून पुरती गेलेली नाही. उगाच जायला नको.

१६ सप्टेंबर
मंडप गच्च! निम्मे सून बघायला आले होते. पण ह्यांचा आवाज इतका बारीक की पहिल्या रांगेलाही पोचेना. कुणी खाकरलं, कुणी उठायला लागलं. काय झालं मला कोण जाणे — जाऊन शेजारी उभी राहिले. हे वाक्य बोलायचे, मी मोठ्यानं सांगायचे.

"हे वेड नाही." "भूतबाधा नाही." "दारू नाही."
चौथं माझं मीच घातलं — "आणि सूनही नाही!"

मंडप कोसळला हसून. मग मला चेव आला. सांगितलं, बटण लावायला वेळ लागला तर लागू द्या, बोलताना मध्ये तोडू नका, चारचौघांतून उठवून आत नेऊन बसवू नका. हे पुटपुटले, "हे मी बोललो नाही." सवयीनं तेही मोठ्यानं सांगून टाकलं!

मागून तो पोलीस उठला. "मग दारुड्या कोण आन आजारी कोण, आम्ही वळखायचं कसं?"
हे म्हणाले, मी सांगितलं — "आधी विचारायचं."

२१ सप्टेंबर
शाळेनं बोलावलं! फळ्यावर आकृत्या मुलं काढतील, हे सांगतील. कोट चढवायला पाऊण तास लागला. मी हात लावला नाही. फार जड गेलं.

२४ सप्टेंबर
दुपारी मानपाड्याहून गुणाजी नावाचे शेतकरी बैलगाडी घेऊन आले. व्याख्यानाला आले होते म्हणे. गाडीत त्यांचे वडील. म्हातारा वेडा झाला असं गावानं ठरवलेलं, सहा वर्षं मागच्या खोलीत. तसाच हात. तसाच चेहरा. गुणाजी दारातच रडायला लागले — "भूत काढायला भगताकडं नेलेला. त्यानं चटके दिले. मीच धरून ठेवलेला बाबाला."

म्हातारा फार वेळ ओठ हलवत राहिला. आम्ही थांबलो.

"पोराला कोन सांगनार व्हता?"