बातम्यांच्या शेवटी दोन वाक्यं

प्रिय ठमे,

फोन करायचा सोडून आई पत्र काय लिहीत बसली, असं म्हणशील. फोनवर तू कायम घाईत, आणि इकडे बाबा पेपर तोंडासमोर धरून कान टवकारून बसलेले. तुझ्याशी बोलायचं नाही, पण माझं बोलणं मात्र शेवटपर्यंत ऐकायचं. आता ते जेवून आडवे झालेत, म्हणून लिहायला घेतलं.

सकाळच्या बातम्या पाहिल्या. तुझा घसा बसलाय, हे पहिल्याच बातमीला माझ्या लक्षात आलं. गरम पाण्याच्या गुळण्या कर. ते मंत्री त्याच पुलाचं दुसऱ्यांदा उद्घाटन करून आले आणि तू ते काय गंभीर चेहऱ्याने सांगितलंस गं. मला तर हसू आवरेना. पहिल्या वेळी फोटो नीट आला नसेल बिचाऱ्यांचा. मग त्या उंदरांनी खाल्लेल्या फायली. आपल्या घरातले उंदीर बिस्किटाशिवाय कशाला तोंड लावत नाहीत, आणि सरकारी उंदरांना नेमक्या चौकशीच्याच फायली गोड लागतात. पेट्रोल काही पैशांनी उतरलं तेव्हा मला उगाचच बरं वाटलं. आपल्याकडे गाडी कुठे आहे? हे सगळं कुणाला तरी बोलून दाखवावंसं वाटतं. पूर्वी प्रत्येक बातमीला बाबा एक टोला हाणायचे आणि मी दुसरा. आता मी एकटीच टीव्हीशी बोलत बसते.

तुमचं दोघांचं बिनसलं त्या सकाळीही आम्ही असेच बातम्या बघत चहा घेत बसलो होतो. पाण्याची नवी टाकी कोसळली, ही पहिलीच बातमी. नशिबाने कुणाला लागलं नव्हतं. निलंबित झालेल्या तिघांची नावं तू वाचलीस आणि त्यातलं दुसरं बाबांचं होतं. सिमेंट ते सांभाळत होते त्या सरकारी स्टोअरमधून गेलं होतं, एवढाच काय तो संबंध. ऑफिसचा कागद घरी यायच्या आधी ते आम्हाला तुझ्या तोंडून कळलं. बाबा उठले, कप विसळून ठेवला, आणि ‘तिचा आवाज जरासुद्धा हलला नाही,’ एवढंच म्हणाले. संध्याकाळी तू फोनवर रडत होतीस. बातमीचा कागद आयत्या वेळी हातात आला, कॅमेरा सुरू झालेला, तू तरी काय करणार होतीस? मला ते पटलं होतं. त्यांनाही पटलं असावं, पण त्यांनी फोन घेतला नाही तो नाहीच. मग तूही हट्टाला पेटलीस. जसा बाप तशी लेक, आणि मधल्या मधे भरडले जाते मी.

पुढे चौकशीत सिमेंट चांगलं निघालं. टाकीचा आराखडाच चुकीचा होता. बाबांना तसं पत्रही मिळालं, पण तोवर निवृत्ती होऊन गेली होती. टाकी पडली तेव्हा दिवसरात्र ओरडणाऱ्या एकाही चॅनलला ते सांगावंसं वाटलं नाही. रस्त्यात उभी असलेली माणसं अजूनही बाबा दिसले की आवाज खाली आणतात. तुझ्या बातम्या लागल्या की ते चष्मा शोधायच्या निमित्ताने दारात येऊन उभे राहायचे. मला वाटायचं, लेकीला बघायला येतात. मग हळूहळू कळलं, ते आपली बातमी येते का म्हणून वाट बघत होते, आणि ती तुझ्याच तोंडून यावी असं त्यांच्या मनात होतं. कितीतरी महिने उभे राहिले. मग कंटाळले. आता बातम्यांची वेळ झाली की पायात चपला अडकवून फिरायला निघून जातात. त्यांना असं जाताना बघितलं की मला फार वाईट वाटतं.

आणि आज तू वाचलंस. हवामानाच्याही नंतर, अगदी शेवटी, दोनच वाक्यं. बाबांचं नाव आणि ते निर्दोष ठरल्याचं. तेवढं बातम्यांत घालायला तुला कुणाकुणाच्या विनवण्या कराव्या लागल्या असतील, कोण जाणे. आणि ऐकायला घरात मी एकटी. ते परत आल्यावर सांगितलं तर नुसते हसले. तुमची दिलजमाई व्हावी म्हणून मी रचून सांगतेय, असं त्यांना वाटतंय. त्यांचं तरी काय चुकलं? तू फोनवर त्यांची विचारपूस केलीस, असं मी आजवर कितीदा खोटंच सांगितलंय. शेजारच्या मुलीला मोबाईलवर शोधायला लावलं, तर टाकी कोसळतानाचे ढीगभर व्हिडिओ सापडले, तुझी दोन वाक्यं कुठेच नाहीत. म्हणून हे पत्र. येत्या रविवारी संध्याकाळी घरच्या फोनवर फोन कर. मी मुद्दाम शेजाऱ्यांकडे जाऊन बसेन, म्हणजे त्यांनाच उचलावा लागेल. त्यांचे गुडघे धरलेत, उठायला वेळ लागतो, तेव्हा लगेच ठेवून देऊ नकोस. आणि त्यांनी उचलला की ‘मी बोलतेय’ वगैरे काही सांगत बसू नकोस. सरळ ती दोन वाक्यं वाचायला लाग.

तुमच्या दोघांच्या मधली,
तुझीच आई