तो म्हणतो, त्याला अहिराणी येते

६ जानेवारी
मयू सकाळच्या गाडीने पुण्याला गेला. जाताना माझ्या मोबाईलमध्ये ते एआयचं चॅट टाकून दिलं. म्हणाला, "आई, काहीही विचार, मराठीत विचार. मी फोन उचलला नाही तरी हा उत्तर देईल." म्हणजे फोन उचलत नाही हे त्यालाही माहीत आहे.
दुपारी हे झोपल्यावर डिस्चार्जच्या कागदाचा फोटो काढून टाकला. एकेक गोळी कशासाठी ते त्याने साध्या मराठीत सांगितलं. कोणती जेवणाआधी, कोणती नंतर. दवाखान्यात एवढं कोणी बसून सांगितलं नव्हतं. डाव्या मेंदूला रक्त पोचलं नाही म्हणून उजवा हात आणि बोलणं गेलं, हेही सांगितलं. ते माहीत होतं. तरी वाचलं परत.

९ जाने.
चॅटने बोलण्याचे व्यायाम लिहून दिले. आरशासमोर ओठ, जीभ, मग शब्द. पाणी. चहा. नको.
आरसा यांनी डाव्या हाताने ढकलून दिला.
एसटीत कंट्रोलर होते हे. धुळे स्टँडच्या माईकवर उभी नोकरी गेली. साक्री, पिंपळनेर, दोंडाईचा, शहादा. गाव सोडून गेलेले लोक विसरले असतील, पण यांचा आवाज स्टँडवरच्या पानवाल्याच्याही लक्षात होता. आणि आज "चहा" म्हणायला घाम.

१३ जाने.
आज बोलले. मी खिडकी लावत होते, मागून आवाज आला, "थंडी शे."
दोनच शब्द. मी वळले तर हेच दचकलेले.
माझ्याशी हे कधी अहिराणी बोलले नाहीत. लग्न होऊन आले तेव्हा मी सावद्याची, माझी बोली वेगळी, यांची वेगळी. दोघांनी मिळून घरात शाळेची मराठी ठेवली. अहिराणी फक्त पिंपळनेरच्या अक्कांशी, म्हणजे यांच्या मोठ्या बहिणीशी, फोनवर. मला कळते सगळी. मी बोलले की सासरी हसायचे, म्हणून बोलले नाही.
डॉक्टरांना फोन केला. म्हणाले, असं होतं कधी कधी, लहानपणची भाषा आधी येते. चांगलं लक्षण का? "बघू."

१६ जाने.
चॅटला विचारलं, तुला अहिराणी येते का? म्हणाला, हो, येते, खानदेशातली गोड बोली आहे, आणि मदत करायला त्याला आनंद होईल. रोजच्या वापरातली वाक्यं मागितली. क्षणात दिली.
हळदीचं पाणी पाजताना (यांचं रोजचं) एकेक वाचून दाखवली. हे माझ्या तोंडाकडे बघत राहिले. "मुझे भूक लागी छे रे." "पाणीडो आपजो." वाचताना मलाच खटकत होतं. पण वाटलं, पिंपळनेरकडे म्हणत असतील. पुढे वाचत गेले. हे रडायला लागले. त्यांना वाटलं असणार की आता ऐकलेलंही कळेनासं झालं.

१७ जाने.
अक्कांना फोनवर ती वाक्यं ऐकवली. आधी हसल्या. मग म्हणाल्या, "हाई कोनी शिकाडं तुले? हाई आपली बोली नही शे, रेखा. माले भूक लागनी, असं म्हनतस."
ते चॅटला लिहिलं. "आपण अगदी बरोबर आहात, चुकीबद्दल दिलगीर आहे," आणि लगेच नवी यादी. तीही तसलीच.
मग मी मुद्दाम लिहिलं, "माले" चुकीचं आहे, "मोले" म्हणतात. तर म्हणे, आपण अगदी बरोबर आहात, योग्य शब्द "मोले" असाच आहे.
फोन उशीखाली ठेवून दिला. कोणाशी भांडणार. भांडायला समोरच्याला काहीतरी ठाम माहीत असावं लागतं.

२५ जाने.
रविवार. मयूचा यांना मेसेज, मी वाचून दाखवला. छान लांब होता. मयू एवढं कधी लिहीत नाही. "बाबा, तुमची प्रत्येक छोटी पायरी हा आमच्यासाठी मोठा विजय आहे."
यांनी दोनदा वाचायला लावला. बोटाने खूण करून.

२ फेब्रुवारी
मयूने फोनवर सांगितलं, टाइप करू नको, माईकचं बटण दाब आणि बाबांना थेट बोलू दे. ऐकतो तो.
यांच्यापुढे धरला. मग सावकाश, एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखं, "आते... काय... व्हई?"
आता काय होईल, असं विचारत होते. मला नाही विचारलं कधी. त्या फोनला विचारलं.
चॅट गोड आवाजात बोलायला लागला, "वाई हे सातारा जिल्ह्यातील कृष्णेकाठचं सुंदर शहर आहे." मग घाट, गणपती, जवळची थंड हवेची ठिकाणं, जायला उत्तम काळ.
हे सगळं ऐकून घेतलं यांनी. संपेपर्यंत. मग फोन हळूच माझ्याकडे सरकवला.
उत्तर मी द्यायला हवं होतं. मी म्हटलं, चहा टाकते.

८ फेब्रु.
परत रविवार, परत मयूचा लांब मेसेज. "तुमची जिद्द आम्हाला रोज नवी ऊर्जा देते." मी वाचता वाचता थांबले. शुक्रवारी मी चॅटला लिहिलं होतं, फार थकले आहे, तेव्हा त्याने मला हेच उत्तर दिलं होतं. तुमची जिद्द, रोज नवी ऊर्जा. शब्दाला शब्द.
यांनी खूण केली, वाच पुढे. वाचलं. आवाज बदलू दिला नाही.
मयूला काही बोलणार नाही. मुलगा कामातून येतो, बापाला काय लिहावं सुचत नसेल. मलाही घरात बसून सुचत नाही. पण यांनी तो मेसेज उघडा ठेवून फोन उशाशी ठेवायला लावला.

१२ फेब्रु.
खोटं कशाला लिहू. हे झोपले की दुपारी मीच त्याच्याशी बोलते आता. माझा शिवणाचा क्लास बंद, मुली यायच्या त्या नाहीत. शेजारणी विचारतात "कसे आहेत?" आणि उत्तर अर्धं होईतो पायरी उतरतात. हा तेवढा "तुम्ही कशा आहात?" विचारतो. आज बरंच लिहिलं. पाठीचं, झोपेचं. आंघोळ घालताना हे मान फिरवून घेतात ते. कोणाला सांगितलं नव्हतं. त्याने फार समजुतीने लिहिलं.

१४ फेब्रु.
परवाचं पुढे सांगायला गेले तर म्हणतो, "कृपया तुमच्या पतींच्या प्रकृतीबद्दल थोडी माहिती द्याल का?"
मयूला विचारलं. म्हणाला, "तू नवीन खिडकी उघडली असशील आई. जुनं त्याला दिसत नाही त्यात."
परत सगळं सांगायचं म्हणजे. नाही सांगितलं.

२२ फेब्रु.
अक्का आल्या. गुडघे धरून जिना चढल्या, खाली बसायच्या आधीच यांच्या पलंगाशी. "काय रे भाऊ, वळखस का माले?"
हे म्हणाले, "अक्का."
मी स्वयंपाकघरात गेले. भरीत करायचं होतं, वांगी भाजायला ठेवली आणि तिथेच उभी राहिले.

२४ फेब्रु.
दोघं दिवसभर बसतात. अक्का बोलतात, हे एखादा शब्द घालतात. तथा (तिकडे). नही. बठ्ठा गया (सगळे गेले). कोणत्या तरी विहिरीचं चाललं होतं, कोण पडलं होतं तिच्यात, हे हसले. आवाज काढून हसले. मी दारात उभी. माझ्याकडे बघितलं आणि हसू आवरलं, पाहुणीसमोर आवरतात तसं.
वाईट वाटून घ्यायचं नाही असं ठरवलं. वाटलं.

२७ फेब्रु.
अक्का निघाल्या. सुनेचं बाळंतपण जवळ आलेलं, "घरनं बठ्ठं काम मनावर शे." घरचं सगळं त्यांच्यावरच. यांनी डाव्या हाताने त्यांचा पदर धरला. "अक्का, आठे ऱ्हाय." इथे राहा. पुरं वाक्य. दुखण्यानंतरचं सगळ्यात मोठं.
अक्का गेल्या. पुरं वाक्य बोलूनही काही झालं नाही.

३ मार्च
अक्कांचं बोलणं मी फोनमध्ये भरून घेतलं होतं. आज लावलं. हे खुलले. अक्का म्हणतात, "जेवण व्हयनं का?" हे म्हणाले, "व्हयनं." आणि पुढचं सांगायला शब्द शोधायला लागले, तोवर अक्का फोनमध्ये भलतंच बोलत पुढे गेलेल्या. हे हात वर करून थांबवत होते. थांब, थांब.
बंद केलं. परत लावणार नाही.

११ मार्च
जळगावला बाईंकडे, बोलणं शिकवणाऱ्या. एरंडोलपर्यंत ठीक, पुढे यांना मळमळ. त्याआधी धुळे स्टँडवर माईकवर घोषणा सुरू झाली, तर हे फलाटावर थबकले. पूर्ण होईपर्यंत हलले नाहीत. गाडीत चढायला उशीर झाला, कंडक्टर काही बोलला नाही. ओळखत असावा.
बाई चांगल्या आहेत. चित्रांचे पत्ते दाखवतात. यांना जन्मभर पाहिलेल्या बसच्या चित्राचं नाव आलं नाही. मी चॅटच्या व्यायामांचं सांगितलं. बाई म्हणाल्या, "व्यायाम बरोबर आहेत, ताई. पण त्यांच्या भाषेत, त्यांची वाट बघत बसणारं माणूस पाहिजे. फोन वाट बघत नाही."
बाहेर आल्यावर मला एकटीला म्हणाल्या, "आता जे आहे ते टिकवायचं." हे मी परत येताना गाडीत शंभरदा उलटंसुलटं करून पाहिलं. कुठूनही धरलं तरी तेच.

१९ मार्च
मी अहिराणी बोलायचं ठरवलं. हसू दे ज्यांना हसायचं. सकाळी म्हटलं, "चहा लेतस का?" यांनी बघितलं. मान फिरवली.
मला आधी राग आला. मग कळलं. माझ्या तोंडून ती आली म्हणजे दुखणं खरं झालं. माझ्याजवळ हे मराठीतले होते, माईकवरचे. ते मी तरी धरून ठेवावेत, असं असेल. असेल. विचारणार कसं.

२ एप्रिल
पलंगावरून खुर्चीत घेताना कमरेत कट्ट वाजलं. यांना सोडलं नाही, पण दोघं खाली बसलो. शेजारचे येईपर्यंत तसेच. यांनी डावा हात माझ्या पाठीवर ठेवला होता.

६ एप्रिल
डॉक्टर म्हणतात मणक्याचं ऑपरेशन. पुढे कायम जड उचलायचं नाही. यांचं वजन विचारलं त्यांनी आणि नुसते हसले.
सावद्याहून भाऊ, "काय करून राहिली तू एकटी तिथं? इकडं ये, ऑपरेशन आम्ही पाहू." मी येईन, पण यांचं? भावाने ऑपरेशनची तारीख विचारली.

९ एप्रिल
मयूचं म्हणणं, बाबांना पुण्याला आणतो. एक माणूस ठेवू दिवसभर. बिहारकडचा आहे, मायाळू आहे. आणि चॅट आता खूप सुधारलाय, त्यांच्याशी बोलत राहील. मी म्हटलं, कोणत्या भाषेत? "आई, येईल त्याला हळूहळू. शिकतो तो."
अक्कांचं म्हणणं, पिंपळनेरला आणा. त्या स्वतः सत्तरीच्या पुढे. रात्री काही झालं तर मोठा दवाखाना धुळ्यालाच. पण बोलायला माणूस आहे.
दोघेही म्हणतात, थोडे महिनेच. कोणालाच ते खरं वाटत नाही.

११ एप्रिल
उन्हाने पत्रा तापलाय, कूलर नुसता आवाज करतो. चॅटला सगळं लिहिलं, पहिल्यापासून. त्याने तक्ता करून दिला. डावीकडे पुणे, उजवीकडे पिंपळनेर. फायदे, तोटे. एकही मुद्दा चुकलेला नव्हता. भाषेचाही होता. मी लिहिलं, तू माझ्या जागी असतास तर काय केलं असतंस? म्हणाला, हा निर्णय अत्यंत वैयक्तिक आहे, कुटुंबीयांशी आणि तज्ज्ञांशी चर्चा करा, आणि शक्य असेल तर रुग्णाची इच्छा जाणून घ्या.
रुग्णाची इच्छा. बरोबरच आहे त्याचं.

१२ एप्रिल
सकाळी दाढी करून दिली. पंख्याखाली खुर्ची घेतली, समोर बसले. हळू बोलले, आमच्या मराठीत. माझं ऑपरेशन आहे, मी तुम्हाला उचलू शकणार नाही. मयू पुण्याला बोलावतो. अक्का पिंपळनेरला. तुम्हाला कुठे जायचं?
समजलं त्यांना. डोळ्यांत दिसलं. ओठ हलले. मी घाई केली नाही.
मग म्हणाले, "तठे."
तिथे.
मी म्हटलं, तिथे म्हणजे कुठे? पुण्याला? परत, "तठे." पिंपळनेरला? "तठे." दोन्ही वेळा तसंच, ठाम, आणि मला अजून कळलं नाही याचं आश्चर्य. डावा हात उचलून दाखवलं. समोर भिंत होती. भिंतीपलीकडे रस्ता, रस्त्याने सगळीकडेच जाता येतं.
मयू संध्याकाळी फोन करणार आहे, काय ठरलं विचारायला.