तिळकराला लक्ष्मी म्हणालात तो दिवस

आबा, आज सकाळी दारात तिळकर आला होता. आमच्या गल्लीत आता खांबावर विजेचा दिवा लागलाय आणि खांब नेमका माझ्या दारापुढं. रोज सकाळी त्याच्याखाली पाखरांचा सडा पडलेला असतो आणि तो झाडायचं काम माझ्या वाटणीला. आज झाडायला गेले तर भिंतीला तुमचा तिळकर, ते तिळावरचं पाखरू, चिकटून बसलेला, तळहाताएवढा, पाठीवर माणसाच्या तोंडासारखा तो पिवळट डाग. केरसुणीच्या टोकानं उचलून कुंपणात ठेवावा म्हणून वाकले, तेवढ्यात शेजारची सून ताटलीत हळदीकुंकू घेऊन आली. "आत्ती, हात लावू नगा, लक्ष्मी हाय ती," म्हणाली आणि वरनं कुंकू टाकलं. निम्मं त्याच्या पंखावर पडलं. ते चिडून चीं चीं करायला लागलं तर म्हणते, बघा, बोलतीया. मला तोंडाळ म्हणतात इथं, पण केरसुणी तिथंच टाकून आत आले, चहा उतू गेला तो पुसलाही नाही आणि जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या पाठीवर हे लिहायला बसले. अक्षर वाकडं येतंय. दुसरीतनं शाळा तुम्हीच सोडवलीत, तेव्हा त्यावर तुम्ही काही बोलू नका.

तुमचं खरं कुणाला ठाऊक नाही आणि तुमचं एकुलतं एक खोटं आमच्या गल्लीत पुजलं जातंय. याचा मला राग येतो. कुणाचा येतो ते कळत नाही म्हणून जास्तच येतो.

तुम्ही पलटणीतनं परत आलात ते पाय अधू करून आणि हा नाद घेऊन. तिकडं कुणा गोऱ्या साहेबाची जाळी तुम्ही धरायचा, त्याला फुलपाखरं टाचायला मदत करायचा. साहेब गेला त्याच्या मुलखाला आणि नाद राहिला तुमच्याकडं. म्हसवडच्या बाजूचं आपलं ते कोरडं शिवार, पाऊस पडला तर बाजरी आणि तीळ, नाही तर धूळ. त्यात तुम्ही अळ्या शोधत फिरायचा. साहेबाची नावं तुमच्या जिभेला वळत नव्हती, मग तुम्ही आपली ठेवलीत. माणसं कशी गावावरनं आडनाव लावतात तशी. रुईवरचं तांबडं फुलपाखरू ते रुईकर, लिंबावरचं लिंबकर, कण्हेरीची पानं खाणाऱ्या हिरव्या अळीचं ते कण्हेरकर, रताळ्याच्या वेलावरचं रताळकर. आणि तिळावरचं हे, अंगठ्याएवढ्या जाड अळीचं, शेपटीला खरबरीत शिंग असलेलं, तिळकर. कोण कुठल्या झाडावर, कुठल्या महिन्यात, कुठल्या शिवारात दिसलं ते सगळं तुम्ही लिहून ठेवायचा. कुणासाठी, हे मी एकदा विचारलं होतं. "दिसलंय म्हणून," एवढंच म्हणालात. हे काय उत्तर झालं?

आईची चूल आठवते मला. भिंतीच्या कडेनं तुमचे डबे, वर फडकं बांधलेले, आत पानं कुरतडत बसलेल्या अळ्या. अळीचं खाणं संपलं की ती काळपट पडते आणि माती हुडकायला निघते, तिला कुठलंही फडकं अडवत नाही. आई भाकरी थापतेय, पिठाचा हात तसाच वर धरून हाक मारतेय, "आवं, तुमचं पाव्हणं माझ्या काटवटीत बसल्यात, जेवायला वाढू का?" आणि तुम्ही लंगडत येताय, अळी अलगद उचलून मातीच्या मडक्यात सोडताय, आणि आईला काही न बोलता मलाच म्हणताय की बघ, कशी डोकं खुपसून खाली जाते. मी बघते. हसू येतं. ते दिवस वाईट होते असं मी म्हणत नाही.

पण तुमचा तो हट्ट. एकदा मी सांगितलं की विहिरीवर रताळकर आलाय. तुम्ही लिहायला बसलात आणि मग विचारलंत, "बघितलास का ऐकलास?" मी म्हणाले, चुलतीच्या पोरीनं बघितला. तुम्ही लिहिलेलं खोडलंत. भर उन्हात मला विहिरीवर पाठवलंत, आणि तिथं काही नव्हतं म्हणून रिकामी परत आले तर म्हणालात, "आता तुला कळलं, दुसऱ्याच्या डोळ्यानं नाव ठेवायचं न्हाई." माझे पाय भाजले होते. तुम्ही पायाकडं बघितलं नाही.

दुसरी मोठी लढाई सुरू झाली आणि रॉकेल मिळेनासं झालं. आधी तुम्ही परसात कंदील लावून पांढरं धोतर ताणायचा, त्याच्यावर पाखरं येऊन बसायची. आता कंदील फक्त जेवणापुरता. मग तुम्ही काय काढलंत, तर दुसऱ्यांची लग्नं. गोरज मुहूर्ताला मांडवात गॅसबत्ती लागायची, वळवाचा एखादा पाऊस पडून गेलेला असायचा, पाखरांना तेवढंच पाहिजे. आमंत्रण असो नसो तुम्ही हजर. सगळं गाव नवरानवरीकडं बघतंय आणि तुम्ही फेटा सोडून गॅसबत्तीखाली धरून उभे. लोक म्हणायचे, मास्तर, जेवायला आलाय का किडं धराय? तुम्ही मास्तर नव्हता, चेष्टेनं म्हणायचे. मला लाज वाटायची. आई तर लग्नाला जाणंच सोडून बसली.

आणि मग माझं लग्न. सांगलीकडचं स्थळ, नदीकाठचं, ऊस आणि हळदीचं रान, नवरा पलटणीत. तुमच्या मानानं लय मोठं घर. त्याची रजा संपत आलेली म्हणून घाईनं जेठात गोरजाचा मुहूर्त धरला. मी पाटावर उभी आहे, समोर अंतरपाट, मंगलाष्टकं चाललीत. गॅसबत्तीवर काहीतरी धडकतं आणि अंतरपाटावर येऊन बसतं. माझ्या बाजूला. मी मुंडावळ्यांच्या आडनं बघते तर तिळकर. तेवढ्यात ते कापडावरनं चढून पलीकडं गेलं आणि तिकडच्या बायकांनी त्याच्या पाठीवरचं तोंड बघितलं. भटजी थांबले. कुणीतरी म्हणालं मेलेल्याचं तोंड हाय. नवऱ्याचा चुलता कुजबुजायला लागला की हे अभद्र हाय. आपल्यातली एक म्हातारी शहाणी होती, ती मोठ्यानं म्हणाली, लक्ष्मी आली गं, लक्ष्मी आली. सगळ्यांनी श्वास सोडला. मिटलं होतं, आबा. तिथं मिटलं होतं. पण माझी सासू तुमच्याकडं वळली. तिच्या कानावर गेलेलं की तुम्हाला पाखरातलं कळतं. तिनं हात जोडूनच विचारलं, "लक्ष्मीच हाय न्हवं, पाव्हणं?"

तुम्ही पुढं झालात, त्याला मुठीत धरलंत, ते चीं चीं ओरडलं, आणि तुम्ही सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालात, "न्हाई. तिळावरचं पाखरू हाय. दरसाल येतं. भ्यायचं काय न्हाई त्यात." तुम्हाला वाटलं तुम्ही धीर देताय. मांडवात एकाही माणसाला तो धीर वाटला नाही. नवऱ्याची रजा संपत होती म्हणून लग्न लागलं, नाही तर वऱ्हाड माघारी गेलं असतं. अक्षता पडल्या, पण कशा, कुणावर तरी राग काढावा तशा.

नवरा लगेच ब्रह्मदेशाच्या बाजूला गेला. मी त्या घरात राहिले आणि पाखरू माझ्याबरोबर राहिलं. म्हैस आटली, पाखरू. हळदीला कीड लागली, पाखरू. दिवाळीनंतर नवऱ्याचा कागद येणं बंद झालं, तेव्हा तर सासू माझ्याशी बोलायचीच बंद झाली. ती वाईट बाई नव्हती हे मी आता सांगू शकते. तिचं एकच पोरगं होतं आणि रोज सकाळी ती दारात पोस्टमनची वाट बघत उभी राहायची. मला दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी, ही जगाची रीत. पण तिनं सांगून टाकलं की तुमच्या घरात ती नातवंड पाठवणार नाही. आणि मला घरी यायचं होतं, आबा. सासरी रात्रंदिवस मला एवढंच पाहिजे होतं. आईच्या हातचं, आईच्या जवळ. शेजारची एक बाळंतपणात गेलेली मी डोळ्यांनी बघितली होती.

तुम्ही न्यायला आलात तो माघ होता. दारात हळद शिजत होती, सगळ्या गल्लीत तिचा उग्र वास. तुम्ही सोप्यात घोंगडीवर बसलात, खण-नारळ पुढं ठेवलात. मी आत चुलीपुढं. दाराच्या फटीतनं तुमचा अधू पाय तेवढा दिसत होता, लांब केलेला. हळद शिजवायला आलेल्या बायकांना सासूनं आत बोलावून घेतलं आणि मग तुम्हाला म्हणाली, "आवं पाव्हणं, मी काय कसाई न्हाई. लेकीला न्या. पर माझं पोरगं तिकडं बंदुकीच्या गोळ्यात हाय. तुमच्या तोंडानं अभद्र निघालंय, तुमीच ते पुसा. या बायांपुढं एकदा म्हणा, लक्ष्मी व्हती."

तव्यावरची भाकरी करपली तरी मला उलटायचं सुचलं नाही. मग तुम्ही विचारलंत, "कागद कवापासनं न्हाई?"

"दिवाळीपासनं."

तुम्ही पलटणीतले. कागद बंद होण्याचा अर्थ त्या घरात तुमच्याइतका कुणाला कळत होता? तुमचा पाय आत ओढला गेला. तुम्ही उभे राहिलात, फटीपुढं येऊन फेटा नीट केलात, आणि म्हणालात, "लक्ष्मी व्हती. मीच वळखायला चुकलो."

पहिलं वाक्य पुरे होतं. दुसरं तुमच्याकडं कुणी मागितलं नव्हतं. ते का घातलंत? अर्धंमुर्धं खोटं बोलता येत नव्हतं म्हणून?

सासू रडली. बायकांनी तुम्हाला गूळपाणी दिलं. मला त्याच दिवशी पाठवलं. बैलगाडी मोटारीच्या थांब्याकडं निघाली आणि रस्त्याच्या कडेला रुईच रुई, उन्हाला रुईकर नुसते भिरभिरतायत. एरवी तुम्ही गाडी थांबवून उतरला असता. मी म्हणाले, आबा, बघा की, किती हायत. तुम्ही बैलांच्या शिंगांकडं बघत बसलात. मी पुन्हा म्हणाले, मला राग आला होता. तेव्हा म्हणालात, "एकाचं नाव बदललं. आता बाकीच्यांचं काय खरं धरायचं?" 

पोरगी झाली, नीट झाली, आईजवळ झाली. पाऊस आला, तीळ फुलावर आला. तान्ही पोर कडेवर घेऊन मी बांधावर गेले, फांदीसकट अळी तोडून तुमच्यापुढं आणून ठेवली. मोठी, पिवळीजर्द, अशी आपण आधी एकदाच बघितली होती. तुम्ही म्हणालात, असू दे. ती चालत चालत उंबऱ्याबाहेर गेली आणि तुम्ही तिला जाऊ दिलंत. मी तुम्हाला काय काय बोलले ते आईनं ऐकलंय. पाखरापायी लेकीचा संसार नासवलात आणि आता रुसून बसलाय, असलंही बोलले. तुम्ही खालमानेनं ऐकून घेतलंत. डबे आईनं डाळी भरायला घेतले. पुढं किती पावसाळे तुम्ही होता, पण पान उलटून बघितलं नाहीत.

लढाई संपली, नवरा परत आला. हाताची दोन बोटं गेली होती, बाकी धड. सासूनं गावभर साखर वाटली आणि प्रत्येक घरी सांगितलं की व्याह्यानं लक्ष्मीला ओळखलं म्हणून माझं पोर आलं. तिथनं हे सुरू झालं. तिळावरचं पाखरू दिसलं की हळदीकुंकू. गल्लीतल्या सासवांकडनं सुनांना गेलं, सुनांकडनं पोरींना, आता माझी थोरलीपण हात जोडते. तिचाच जन्म त्या शब्दावर झालाय, तिला काय सांगू? नाव ठेवणारा कोण तर तुम्ही. आणि त्याचं खरं नाव जाणणारी मी एकटी, ती केरसुणी घेऊन उभी.

इतकी वर्षं मी स्वतःशी एकच भांडण भांडतेय. मांडवात म्हणायला पाहिजे होतं, तिथं म्हणाला नाहीत. सोप्यात म्हणायला नको होतं, तिथं म्हणालात. दोन्हीकडं तुम्ही चुकलात असं मी धरून बसले होते. रागाला ते सोयीचं पडतं. आज त्या सुनेला मी काही बोलले नाही, तेव्हापासनं घरात एका जागी बसवत नाही. पाच वेळा उठून दारात जाऊन आले. ते अजून भिंतीलाच आहे, पंखावर कुंकू घेऊन.

कागद भरत आला. तो चुलीत घालीन, कुणाच्या हाती पडायला नको. पण एक लिहून मग घालते. मी कुणालाच हे सांगितलेलं नाही, आईलासुद्धा. त्या दिवशी चुलीपुढं बसून मी देवाला म्हणत होते की आबांना म्हणू दे, काय वाटेल ते म्हणू दे. आणि तुमच्या तोंडातनं "लक्ष्मी" निघालं तेव्हा मला लय बरं वाटलं. तुम्ही चुकलो म्हणालात ते मी नंतर ऐकलं. तोवर मी गाठोडं उचललं होतं.