जावयाने पाठवलेल्या कॅबिनेटची तपासणी

रोडपाली, कळंबोली
कोजागिरी, २०११

चिरंजीव सत्यजीतराव यांस, सासरे दीनानाथ यांचे आशीर्वाद. चि. प्रांजललाही सांगावेत (तिला ऐकायला सवड असेल तर). आमच्या तब्येती, तुम्ही विचारलेल्या नसल्या तरी, बऱ्या आहेत. सुमतीचा गुडघा दुखतो. तुमच्या लग्नात पंगतीला उभी राहिली तेव्हापासून दुखतो. आठवण म्हणून लिहिलं, तक्रार नाही. फोनवर तुम्ही मध्येच "मीटिंग आहे" म्हणता, म्हणून हे पत्र.

कॉम्प्युटर ऐन दसऱ्याला कुरिअरने पोचला. सोबतची चिठ्ठीही पोचली. रजा नाही, दिवाळसणाला येता येणार नाही, पाडव्याला कॅमेऱ्यातून भेटू. वा! आमच्याकडे पहिल्या दिवाळीला जावई येतो, पाटावर बसतो, त्याला तेल-उटणं लावतात. आता सुमतीने पडद्याला उटणं लावायचं का, तेवढं कळवा.

असो. कॉम्प्युटरचं कॅबिनेट कसं वाटलं, हे मात्र तुम्ही दर फोनला विचारता, तेव्हा सविस्तर कळवतो. माझी उभी नोकरी न्हावा शेव्याला कंटेनर तपासण्यात गेली, हे तुम्हाला ठाऊक असेल (लग्नाच्या बैठकीत मी सांगत होतो तेव्हा तुम्ही मोबाइल बघत होतात). रिकाम्या कंटेनरमध्ये आम्ही शिरायचो, दार बाहेरून लावून घ्यायचो आणि आत कुठून उजेड येतो ते बघायचो. उजेड दिसला की कंटेनर बाद. तुमच्या कॅबिनेटमध्ये मला शिरता येईना, म्हणून आत पेटता टॉर्च ठेवला आणि खोलीतले दिवे घालवले. काय सांगू! पुढे जाळी, मागे जाळी, डोक्यावर जाळी. आमची पिठाची चाळण याहून बंदिस्त आहे. पाणी मारून बघायचं होतं, ते सुमतीने करू दिलं नाही. इथे खिडकीखालून दिवसभर बंदराचे ट्रेलर जातात. तुमचा तो धुळीचा फिल्टर (काढून धुता येतो म्हणे, कोणी धुवायचा?) दोन दिवसांत काळाठिक्कर पडला. शेवटी मी सगळ्या भोकांवर खाकी चिकटपट्टी मारली, तर मशीन तापून बंद! सुमतीने बसून सगळी पट्टी सोलली आणि मला जे बोलली, ते जावयाला लिहिण्यासारखं नाही.

बाजूला काच कशाला, हे अजून माझ्या डोक्यात शिरलेलं नाही. कपाटाला काच असते ती चांगली भांडी दाखवायला. इथे आत काय, तर वायरींचा गुंता आणि निळे दिवे लावलेले पंखे. आमची मासेवाली रंभा दारातून बघून म्हणाली, "काका, टाकी झ्याक हाय. मासं कवा सोडनार?" म्हटलं, बाई, मासे नाहीत, पाडव्याला यात आमची मुलगी दिसणार आहे. तर म्हणते, "पोरीला पेटीत कशाला बगायचं? घरात जागा नाय काय?" मी पापलेटांचा भाव विचारला. त्या दिवशी तिने पापलेटं नेहमीपेक्षा मोठी दिली. तिला माझी दया आली, हे मला फार झोंबलं.

चांगलं तेही लिहितो. पत्रा जाड आहे, पाय रबराचे आहेत, दार घट्ट बसतं. वर पेनड्राइव्हची खाच आहे. दसऱ्याच्या पूजेत सुमतीने तीत अक्षता टाकल्या, त्या अजून आतच आहेत. एकूण वस्तू बाहेरून झकास, आतून नुसता वारा. चूक माझीच. जन्मभर कंटेनर ठोकून, वाकून, आत शिरून पाहिले. जावई तेवढा बाहेरून पाहिला.

कळावे. राग आला तर येऊन सांगावे.

दीनानाथ

ता. क. मुख्य राहिलंच. मशीन कालपासून अजिबात सुरू होत नाही. इथल्या दुरुस्तीवाल्यांवर माझा भरवसा नाही. ज्याने घेतलं त्यानेच येऊन बघावं. वसुबारसेपर्यंत पोचलात तर बरं. स्क्रू धरायला कोणीतरी लागेल, तेव्हा प्रांजलला आणा. चकलीची भाजणी दळून आणली आहे, तिचा याच्याशी काही संबंध नाही.

ता. क. (सुमतीचा) पत्र टपालात टाकायला माझ्याकडे दिलं, म्हणून लिहिते. मशीनला काही झालेलं नाही. यांनी त्याची वायर काढून माळ्यावर जुन्या छत्रीत दडवली होती. ती मला सापडली. आता ती माझ्या रव्याच्या डब्यात आहे, यांनाही मिळायची नाही. या.