सुशांतला भरपूर काम आहे

फ्रिस्को,
३ नोव्हेंबर २०२५

ति. रत्नाताईस,
लतिकाचा शि. सा. न.

फोनवर बोलले तर सुशांत ऐकतो, म्हणून लिहितेय. किळस आलीये मला या लोकांची. चार वर्षं माझं पोरगं इथल्या अमेरिकन लष्करात ट्रक दुरुस्त करत होतं, चांगल्या शेऱ्याचा कागद घेऊन सुटलं. नोकरी लागेपर्यंत अशांना बेकारी भत्ता मिळतो. तो दोन आठवडे आला आणि बंद. पत्रात म्हणे, तुम्ही कामाला आहात. कसलं काम? दिवसभर खोलीत अर्ज भरत बसतो. भत्ता नाही तर गाडीचा हप्ता नाही. गाडी ओढून नेली की मुलाखतीला काय हायवेवरून चालत जाणार?

चुगली शेजारच्या नेत्राचीच. गेल्या गणपतीत तो युनिफॉर्ममध्ये आला तेव्हा सगळ्यात जोरात टाळ्या हिच्या. आता रोज विचारते, सुशांत काय करतो सध्या. माझ्याकडून जाणारा तिचा जेवणाचा डबा बंद केलाय मी. भत्त्याच्या ऑफिसातल्या बाईचाही मागे फोन आलेला, सुशांत अंघोळीला होता. तिलाही मोडक्या इंग्रजीत चांगलं ऐकवलं.

भावोजींना नमस्कार. माया आहे तेवढी राहू दे.
लतिका

रेडमंड,
१० नोव्हेंबर

चि. लतिकास,
अनेक आशीर्वाद.

त्या बाईला नेमकं काय ऐकवलंस? दिवाळीत मी विचारलं तर मलाच म्हणालीस, सुशांतला भरपूर काम आहे, डब्यांचा सगळा धंदा तोच बघतो. सख्ख्या बहिणीला ही थाप, मग परकीला काय सांगितलं असशील? आठव, आणि आधी सुशांतला सांग. अपिलाची मुदत भत्ता बंद केल्याच्या पत्रातच असेल.

रागावलीस तरी लिहीत जा.
रत्ना

फ्रिस्को,
१५ डिसेंबर

ति. ताईस,
शि. सा. न.

भत्त्याच्या ऑफिसातल्या बाईलाही हेच सांगितलं होतं. घरच्या धंद्यात आहे, सकाळपासून संध्याकाळपर्यंत मान वर करायला वेळ नाही. पोरगा घरी बसलाय असं परक्या बाईला कोण सांगतं? आता माझीच मला किळस येते.

अपिलाची सुनावणी फोनवरच झाली. सुशांत शेजारी बसलेला. साहेबांनी विचारलं, खोटं का बोललात. म्हटलं, लाज वाटली. माझ्या पोराला काम नाही, डब्याला त्याचा हातही लागत नाही. फोन ठेवल्यावर सुशांत म्हणाला, बेकार असल्याची त्याला लाज नव्हती, मी चारचौघांत थाप मारली की वाटायची.

परवा निकाल आला. भत्ता सुरू, गाडी दारातच आहे.

आज नेत्राकडे डबा घेऊन गेले. तिने पुन्हा तेच विचारलं. या वेळी सांगितलं, घरी आहे, काम शोधतोय. तिने डबा घेतला आणि हळूच म्हणाली, तिचा मुलगा विक्रमही मार्चपासून घरीच आहे.

आणि मी दीड महिना तिचा डबा बंद ठेवला होता, ताई. तुझा लोभ अजून उरला असेल तर कळव.
लतिका